मज्जारज्जूच्या गाठी आणि नळीतून शस्त्रक्रिया : काय जमतं, काय ताणू नये

पाठराखण
स्लिप डिस्कच्या धाग्यावर (स्नायू न कापता त्यांच्यामधून बसवलेल्या बारीक नळीतून करायच्या ऑपरेशनवर) गाडी शेवटी "मग मज्जारज्जूच्या गाठीही तशाच काढता येतील की" इथे येऊन थांबली होती. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. वाचणाऱ्यांत न्यूरोसर्जरीचे निवासी डॉक्टर, भूलवाले, ओटीतल्या सिस्टर, फिजिओ असे सगळे आहेत असं धरून लिहितो. केसच्या कहाण्या नकोत, कामाचं तेवढं लिहूया.

आधी गाठ कुठल्या कप्प्यात आहे ते बघायचं. ड्युराच्या (मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणाच्या) बाहेर, ड्युराच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर, आणि खुद्द मज्जारज्जूच्या आत. नळीतून काढण्याची चर्चा प्रामुख्याने मधल्या कप्प्याची, कारण प्रौढांमध्ये ड्युराच्या आतल्या गाठींपैकी बहुसंख्य तिथेच असतात : श्वानोमा (मज्जातंतूच्या वेष्टनाची गाठ), मेनिंजिओमा (आवरणाची गाठ), क्वचित न्यूरोफायब्रोमा (हीही मज्जातंतूचीच). या बहुतेक सौम्य असतात आणि पूर्ण निघाल्या तर प्रश्न मिटतो. म्हणूनच इथे छोट्या वाटेच्या हौसेपायी गाठीचा तुकडा मागे ठेवणं अजिबात परवडत नाही.

माझ्या मते नळीसाठी चांगली गाठ म्हणजे उभ्या लांबीत ३ सेंमीच्या आतली, एक किंवा फार तर दोन मणक्यांच्या पातळीची, मज्जारज्जूच्या मागे किंवा बाजूला बसलेली. बरोबर समोर बसलेला, चुना धरलेला मेनिंजिओमा नळीतून काढायला जाणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

आणखी एक. पेशंटला "टाका लहान" एवढंच सांगितलं जातं. कातडीवरचा टाका ३ सेंमीचा की १२ सेंमीचा, याने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो स्पायनस प्रोसेस (पाठीवर हाताला लागणारी मणक्यांची टोकं), त्यांच्यामधले लिगामेंट, पलीकडच्या बाजूची लॅमिना (मणक्याची मागची हाडाची पट्टी) आणि दोन्ही बाजूंचे स्नायू जागेवर राहिले की नाही याने.

दुसरीबाजू
शेवटच्या परिच्छेदाला +१. पण मग नळीच कशाला? मधोमध ५-६ सेंमीचा छेद घ्या, एकाच बाजूचा स्नायू हाडावरून सोडवा, एका बाजूची लॅमिना काढा, साधा रिट्रॅक्टर लावा. पलीकडचं सगळं शाबूत राहतं आणि हात मोकळे राहतात. न्यूरोसर्जन यासरगिल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एका बाजूच्या अर्धवट हेमिलॅमिनेक्टमीतून मज्जारज्जूच्या बाहेरच्या आणि आतल्याही गाठी काढल्याचं लिहून ठेवलंय. नळी आली १९९७ च्या सुमारास, फॉली आणि स्मिथ यांच्याकडून, तीही डिस्कसाठी. म्हणजे हाड वाचवण्याचा विचार आधीचा, अवजार नंतरचं. हल्ली ब्रोशरमध्ये हे उलटं दिसतं.

आणि पुरावा म्हणाल तर बहुतेक अभ्यास मागे वळून नोंदी चाळलेले आहेत. रक्त कमी जातं, पेशंट लवकर घरी जातो, गाठ तितकीच पूर्ण निघते असं त्यांत दिसतं. पण सोप्या गाठीच नळीसाठी निवडल्या जातात, ही मेख त्यांतच आहे.

पाठराखण
मान्य. हेमिलॅमिनेक्टमी हाच गाभा, नळी हे त्याचं एक रूप. तरी जाड पाठीच्या पेशंटमध्ये नळीचा फायदा होतोच. स्नायू कापला जात नाही, नुसता बाजूला सरतो, आणि नळी काढली की परत जागेवर येतो. आत पोकळी उरत नाही, त्यामुळे ड्युराच्या आतलं पाणी (सीएसएफ) झिरपून साठायला जागा मिळत नाही. ड्युरा उघडलेल्या ऑपरेशनमध्ये ही मोठी गोष्ट आहे.

छायाप्रकाश
रेडिओलॉजीच्या खुर्चीतून : या ऑपरेशनमध्ये पहिली चूक ओटीत होत नाही, मणके मोजण्यात होते. उघड्या शस्त्रक्रियेत एक मणका चुकला तर छेद वाढवता येतो. नळी चुकीच्या पातळीवर बसली तर २ सेंमीच्या खिडकीतून सर्जनला निरोगी ड्युरा दिसते आणि तो गाठ शोधत बसतो.

मोजणी का चुकते? एमआरआयवर आम्ही वरून, सी-टू (मानेचा दुसरा मणका) पासून मोजतो. ओटीत सी-आर्मवर (टेबलाशी आणायच्या एक्स-रे मशीनवर) खालून, सेक्रमपासून (कमरेखालच्या त्रिकोणी हाडापासून) मोजतात. पेशंटला कमरेचे मणके सहा असतील, शेवटचा मणका सेक्रमला अर्धवट जुळलेला असेल, किंवा बरगड्यांच्या अकराच किंवा तेरा जोड्या असतील, की दोन्ही आकडे जुळत नाहीत. म्हणून :

- एमआरआयबरोबर पूर्ण मणक्याचा लोकलायझर (मणके मोजण्यासाठीचं झटपट चित्र) हवाच. नुसता छातीच्या मणक्यांचा तुकडा पाठवू नका.
- पाठीचा आणि कमरेचा साधा एक्स-रे, ज्यात बाराव्या बरगड्या आणि सेक्रम दोन्ही दिसतील.
- रिपोर्टमध्ये "डी-सेव्हन" (छातीचा सातवा मणका) एवढंच न लिहिता कुठून मोजलं तेही लिहावं. आमच्या लोकांनी हे मनावर घ्यावं.

आणि मार्किंग करताना लक्षात ठेवा, छातीच्या मधल्या भागात स्पायनस प्रोसेस खाली झुकलेले असतात. सातव्याचं टोक साधारण आठव्या मणक्याच्या पातळीला येतं. बोटाने चाचपून केलेली खूण हमखास खाली जाते.

चिमटा_द्या
आमच्याकडे कधी कधी कातडीवर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवून एमआरआय करून आणतात. चालतं का ते?

छायाप्रकाश
सिस्टर, कॅप्सूल दिसते छान, पण कातडी सरकते. एमआरआय उताणं झोपवून केलेला, ऑपरेशन पालथं. जाड माणसात एका मणक्याचा फरक सहज पडतो. खात्रीच हवी असेल, विशेषतः डी-वन ते डी-सिक्समध्ये जिथे खांद्यामुळे बाजूचा एक्स-रे काहीच दाखवत नाही, तिथे आदल्या दिवशी सीटीखाली पेडिकलमध्ये (लॅमिना मणक्याच्या पुढच्या भागाला जोडणाऱ्या हाडाच्या खांबात) छोटी धातूची खूण सोडता येते. ते शक्य नसेल तर समोरून घेतलेल्या सी-आर्म चित्रात पहिल्या बरगडीपासून खाली आणि बाराव्यापासून वर, दोन्हीकडून मोजा. दोन माणसांनी मोजा. सुई दोन स्पायनस प्रोसेसच्या मधल्या मऊ भागात न टोचता पेडिकलजवळच्या हाडावर टेकवा.

पाठराखण
हे सोनाराने कान टोचल्यासारखं झालं, बरं झालं. आता नळी बसवण्याचे टप्पे, निवासी डॉक्टरांसाठी.

पेशंट पालथा, पोट पूर्ण मोकळं लोंबतं ठेवून. पोट दाबलं तर एपिड्युरल (ड्युराबाहेरच्या) शिरा फुगतात आणि नळीच्या तळाशी रक्ताचं डबकं होतं. मान आणि छातीच्या वरच्या भागासाठी डोकं पिनांत धरावं.

मध्यरेषेपासून साधारण २ ते ३ सेंमी बाहेर, २.५ ते ३ सेंमीचा उभा छेद. किती बाहेर ते एमआरआयच्या आडव्या कापावर मोजून ठरवा : पाठ जितकी जाड तितकं बाहेर. फॅशिया (स्नायूवरचं मजबूत आवरण) वेगळी, कातडीपेक्षा थोडी लांब कापा, नाहीतर डायलेटर (वाट रुंद करणाऱ्या, एकावर एक बसणाऱ्या नळ्या) जाताना हात जोर लावतो, आणि जोर लावणारा हात या ऑपरेशनमध्ये नको.

छातीच्या मणक्यात गाइडवायर वापरू नका. दोन लॅमिनांच्या फटीतून ती आत घुसू शकते, आणि आत आधीच दबलेला मज्जारज्जू आहे. बोथट पहिला डायलेटर लॅमिना आणि स्पायनस प्रोसेसच्या जोडावर टेकवा, हाड लागल्याची खात्री करा, मग एकावर एक. शेवटी १८ ते २२ मिमी व्यासाची नळी, टेबलाला जोडलेल्या हाताने घट्ट. दोन पातळ्यांची गाठ असेल तर पसरणारी नळी.

तळाशी स्नायूचा थर राहतोच, तो काढून लॅमिनाची खालची कड नीट दिसू द्या. मग हाय स्पीड ड्रिल, ३ मिमी डायमंड बर. आधी याच बाजूची लॅमिना, मग टेबल पलीकडे तिरकं करून आणि नळी आत कलवून स्पायनस प्रोसेसचा पाया आणि पलीकडच्या लॅमिनाची आतली बाजू. हे सगळं होईपर्यंत लिगामेंटम फ्लेवम (दोन लॅमिनांमधला पिवळा पट्टा) काढू नका, ड्रिल आणि ड्युरामध्ये तेवढीच ढाल असते. दोन मणके मागून जोडणाऱ्या फॅसेट सांध्याचा निम्म्याहून जास्त भाग गेला तर तो मणका पुढे डुगडुगण्याची भीती, मग स्क्रूचा विचार करावा लागतो आणि छोट्या वाटेचा फायदा तिथेच संपतो.

ड्युरा उघडण्याआधी रक्त पूर्ण थांबलेलं हवं. कडेने जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज) आणि कॉटनॉइड (कापसाच्या) पट्ट्या बसवा, त्यांचे दोरे नळीबाहेर. एकदा ड्युरा उघडली की वरून गळणारा प्रत्येक थेंब आत जातो. उघडण्याआधी अल्ट्रासाउंडचा छोटा प्रोब मावत असेल तर फिरवून बघा, गाठीची दोन्ही टोकं खिडकीत आहेत ना. नसतील तर आत्ताच हाड वाढवा.

तारायंत्र
न्यूरोमॉनिटरिंगबद्दल (ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूतले संदेश मोजत राहणं) कोणी विचारायच्या आत लिहितो. आम्हाला शेवटच्या क्षणी बोलावतात ही जुनी तक्रार आहेच, ती असू दे.

तीन गोष्टी वेगवेगळ्या. एसएसईपी म्हणजे संवेदनेची वाट, मागच्या बाजूची. एमईपी म्हणजे हालचालीची, डोक्यावर उत्तेजन देऊन हातापायाच्या स्नायूंत मोजलेली. डी-वेव्ह म्हणजे हालचालीचाच संदेश, पण थेट मज्जारज्जूवर एपिड्युरल इलेक्ट्रोड ठेवून मोजलेला. मज्जारज्जूच्या आतल्या गाठीत डी-वेव्हला पर्याय नाही : एमईपी गेली पण डी-वेव्ह निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर अशक्तपणा बहुधा तात्पुरता असतो. डी-वेव्ह निम्म्याखाली आली तर हात थांबवायचा. इलेक्ट्रोड गाठीच्या खालच्या बाजूला सरकवावा लागतो, आणि नळीतून तो ठेवायला जागा करावी लागते हे सर्जननी आधी लक्षात घ्यावं. साधारण डी-टेनच्या खाली मात्र डी-वेव्हचा भरवसा नाही, तिथे त्या वाटेचे तंतूच कमी उरतात.

आकडे पडले की ओटीत आरडाओरडा होतो. क्रम ठरवून ठेवा : ओढाताण सोडा, अवजारं बाहेर, कोमट सलाइन घाला, भूलतज्ज्ञांना रक्तदाब वाढवायला सांगा, औषध बदललंय का विचारा, इलेक्ट्रोड सुटलाय का बघा, मग थांबा. पाच-दहा मिनिटांत बरेचदा परत येतं. मज्जारज्जू मागून उभा उघडल्यावर एसएसईपी जवळजवळ नेहमीच पडते, तेवढ्यावरून ऑपरेशन सोडू नये.

गुंगी
रक्तदाब कोण वाढवणार, आम्हीच! मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) सुरुवातीपासून ८० ते ८५ च्या वर धरा. दबलेल्या मज्जारज्जूला कमी रक्तदाब सोसत नाही, तेव्हा "रक्त कमी जावं म्हणून प्रेशर खाली" हा हट्ट इथे नको.

बाकी : प्रोपोफॉल आणि रेमिफेंटानिल किंवा फेंटानिल शिरेतून. वायूची भूल शक्यतो नाहीच, द्यायचीच तर अर्ध्या मॅकच्या (वायूच्या मात्रेचं माप) आत. श्वासाची नळी घालताना रॉक्युरोनियमचा एक डोस, त्यानंतर रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) नाही. पायातली ताकद जाऊन दोन-तीन दिवस होऊन गेले असतील तर सक्सिनिलकोलीन अजिबात नाही, पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकतं. दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये मऊ बाइट ब्लॉक, कारण एमईपीच्या प्रत्येक झटक्याला जबडा मिटतो आणि जीभ चावली जाते. पालथं केल्यावर तो ब्लॉक सरकला नाही ना ते परत बघा. पेशंट उलटवण्याआधी एकदा एमईपी घ्या आणि उलटवल्यावर लगेच परत, म्हणजे मानेच्या गाठीत पोझिशननेच काही बिघडलं तर वेळेत कळतं.

दुसरीबाजू
पाठराखण, गाठ काढतानाचं तुम्ही पटकन उरकलंत. तिथेच तर लोक फसतात.

श्वानोमा बहुधा मज्जातंतूच्या संवेदनेच्या मुळावर वाढतो. आधी गाठीचं वरचं आणि खालचं टोक शोधा, अरॅक्नॉइड (ड्युराच्या आतलं पातळ आवरण) वेगळा उघडा, मुळाला उत्तेजन देऊन स्नायूत काही उमटतं का बघा. उमटलं नाही तर ते मूळ कापता येतं. गाठ नळीपेक्षा मोठी असते, म्हणून आधी कवच उघडून कुसाने (गाठ फोडून ओढून घेणाऱ्या अल्ट्रासॉनिक अवजाराने) आतून पोकळ करायची आणि मग भिंती आत दुमडायच्या. अख्खी ओढून काढायचा मोह झाला की ओढ मज्जारज्जूला बसते, गाठीला नाही.

मेनिंजिओमात उलट : आधी ड्युराला चिकटलेला पाया बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) जाळून रक्तपुरवठा तोडायचा, मग आतून पोकळ. पाया कापून काढायचा की नुसता जाळायचा यावर वाद आहे. मागच्या-बाजूच्या पायात कापणं शक्य आहे. समोरच्या पायात ड्युराची भोकं भरून काढणं अवघड म्हणून बरेच जण जाळून थांबतात. ड्युराचे दोन थर वेगळे करून फक्त आतला थर गाठीसकट काढायची पद्धतही आहे, ती नळीतून करण्याइतका धीर माझ्याकडे नाही.

आता खरा मुद्दा. कॉडा इक्विनातली (मज्जारज्जूखालच्या मुळांच्या झुपक्यातली), फायलमवरची (मज्जारज्जूच्या टोकाच्या धाग्यावरची) मिक्सोपॅपिलरी एपेंडिमोमा. हिला आतून पोकळ करायचं नाही. कवच फुटलं तर पेशी पाण्यात सांडतात आणि खाली रुजतात. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ती ग्रेड २ मध्ये टाकली आहे. अख्खी काढायची म्हणजे खिडकी गाठीहून मोठी हवी. आणि फायलम आधी वरच्या टोकाला कापायचं, खालचं आधी कापलं तर गाठ वर निसटते. त्याआधी फायलमला उत्तेजन देऊन गुदाच्या स्नायूत काही उमटत नाही याची खात्री. माझ्या मते ही गाठ मोठी असेल तर नळी कपाटात ठेवा.

पाठराखण
पूर्ण सहमत. कॉडामधल्या श्वानोमाबद्दल एक भर : त्या सैल मुळावर लोंबत असतात आणि हलतात. उताण्या एमआरआयमध्ये एल-थ्रीला दिसलेली गाठ पालथं केल्यावर वर किंवा खाली सरकलेली असू शकते. म्हणून तिथे अल्ट्रासाउंड हा शौक नाही, गरज आहे.

काचपट्टी
पॅथॉलॉजीतून विनंती. कुसाच्या बाटलीत गोळा झालेला चुरा पाठवून निदान मागू नका. कुसा चालू करण्याआधी चिमट्याने दोन-तीन तुकडे काढून ठेवा. फ्रोझनसाठी (ऑपरेशन चालू असतानाच गोठवून करायच्या तपासणीसाठी) पाठवायचा तुकडा सलाइनने ओलसर केलेल्या गॉजवर, फॉर्मलिनमध्ये नाही. उरलेला १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट.

ड्युराबाहेरच्या गाठीत आपल्याकडे टीबी नेहमी डोक्यात ठेवा. ग्रॅन्युलोमा गाठीसारखाच दिसतो. त्यासाठी वेगळा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चर आणि सीबीनॅटसाठी (टीबीची जलद चाचणी). सगळं फॉर्मलिनमध्ये बुडवलं तर कल्चर विसरा. आणि लिंफोमाची शंका असेल आणि पायांची ताकद टिकून असेल तर बायोप्सीआधी स्टिरॉइड सुरू करू नका, पेशीच विरघळून जातात आणि काचेवर काही दिसत नाही.

गावचा_दवाखाना
आमच्यासारख्यांना एवढंच सांगा, पाठदुखीच्या गर्दीतून हा पेशंट ओळखायचा कसा? रोज वीस जण "कंबर धरली" म्हणून येतात.

चालते_व्हा
डॉक्टर, फिजिओकडेही हेच लोक येतात, सहा-सहा महिने शेक घेत. काही खुणा : आडवं पडल्यावर वाढणारी आणि रात्री उठवणारी दुखणी. बसून झोपतो म्हणणारा पेशंट. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, ज्यावर ईसीजी आणि सोनोग्राफी दोन्ही नॉर्मल. जिन्यावर पाय अडखळणं, चप्पल पायातून निसटलेली न कळणं. गुडघ्याचा झटका जोरात आणि तळव्यावर रेघ ओढल्यावर पायाचा अंगठा वर जाणं. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल जाणं. लघवी अडणं उशिरा येतं, त्याची वाट बघू नका. कमरेचा एमआरआय नॉर्मल आला आणि पायांत ताठरपणा असेल तर दोष वर शोधा. कमरेच्या फिल्मवर समाधान मानून सोडलेले असे पेशंट नेहमीच दिसतात.

तारायंत्र
मज्जारज्जूच्या आतल्या गाठींचं काय? धागा तिकडे वळलाच नाही.

पाठराखण
वळवतो, पण थोडक्यात, कारण तिथे नळीला फारसं काम नाही.

प्रौढांत एपेंडिमोमा जास्त, मुलांत अ‍ॅस्ट्रोसायटोमा. एपेंडिमोमा मधोमध असते आणि तिला बहुधा कड सापडते. मज्जारज्जू बरोबर मध्यरेषेत उघडावा लागतो, आणि गाठीने मज्जारज्जू पिळलेला असेल तर मध्यरेषा शोधणं हीच कसरत. दोन्ही बाजूंच्या मुळांचं प्रवेशद्वार दिसलं तरच तिची खात्री होते. एका बाजूच्या खिडकीतून ते दिसत नाही, म्हणून लांब गाठीत दोन्ही बाजू उघडणंच शहाणपणाचं. अ‍ॅस्ट्रोसायटोमात कड नसते, तिथे मॉनिटर सांगेल तिथे थांबायचं.

हिमॅन्जिओब्लास्टोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) हा अपवाद. ती लहान असते, बरेचदा मागच्या पृष्ठभागावर एका बाजूला, शेजारी मोठी पाण्याची पोकळी. ही एका बाजूच्या खिडकीतून छान निघते. पण तिला आतून पोकळ करायला गेलात तर रक्त थांबत नाही. कडेकडेने फिरत रक्त आणणाऱ्या धमन्या आधी, नेणारी शीर अगदी शेवटी. आणि अशा पेशंटचा मेंदूचा एमआरआय, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड तपासा. व्हॉन हिपेल लिंडाऊ (अनेक अवयवांत गाठी करणारा आनुवंशिक आजार) असू शकतो.

लहान मुलांत मान आणि छातीच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंच्या लॅमिना काढून टाकल्या तर वाढीच्या वयात पाठ पुढे वाकते. तिथे हाड उचलून परत बसवणारी लॅमिनोप्लास्टी करतात. तिने वाकण्याचा धोका शून्यावर येत नाही, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत एक्स-रे काढत राहायचे.

गावचा_दवाखाना
आणि कॅन्सर पसरून मणक्यात आला तर? आमच्याकडे तेच जास्त दिसतं.

दुसरीबाजू
तो वेगळा धागा होईल. एवढं धरा : २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या पॅचेल यांच्या चाचणीत मज्जारज्जू दाबणाऱ्या मेटास्टेसिसमध्ये (पसरून आलेल्या कॅन्सरमध्ये) ऑपरेशन अधिक रेडिएशन घेतलेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. आता मोठी कापाकापी न करता मज्जारज्जूभोवती दोन-चार मिलिमीटरची फट मोकळी करतात, कातडीतून स्क्रू बसवतात आणि उरलेल्या गाठीवर नेमकं रेडिएशन देतात. तिथे छोटा छेद खरोखर कामाचा, कारण जखम लवकर भरली की रेडिएशन लवकर सुरू करता येतं. किडनी किंवा थायरॉइडच्या मेटास्टेसिसला हात लावण्याआधी गाठीला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी बंद करून घ्या. लिंफोमा, मायलोमाला बहुधा चाकू लागतच नाही.

चिमटा_द्या
ड्युरा शिवण्यावर कोणीच लिहिलं नाही. ट्रॉलीवर काय काय लागतं ते सांगा. सर्जन नळीत डोकं घातल्यावर मागायला लागतात आणि ते अवजार सीएसएसडीत (निर्जंतुकीकरणाच्या खात्यात) असतं.

पाठराखण
सिस्टर, योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. नळीतून ड्युरा शिवणं हा या ऑपरेशनचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग.

ट्रॉलीवर : लांब, मधे वाकलेला नीडल होल्डर, तसाच लांब बारीक चिमटा, गाठ खाली ढकलायचा नॉट पुशर, ५-० किंवा ६-० मोनोफिलामेंट लहान अर्धगोल सुईसह, किमान दोन पाकिटं. फायब्रिन ग्लू फ्रीजमधून वेळेत बाहेर काढलेला. टायटॅनियमच्या ड्युराला न टोचणाऱ्या क्लिपा मिळत असतील तर काम लवकर होतं, पण किंमत विचारून घ्या.

तयारी ड्युरा उघडतानाच करायची. छेद सरळ उभा, हाडाच्या कडेपासून २-३ मिमी आत, म्हणजे शिवायला कड उरते. कडांना घातलेले ताणाचे टाके शेवटपर्यंत सोडायचे नाहीत, तेच शिवताना कड वर धरतात. सुई आतून बाहेर घ्या, म्हणजे मुळं आणि अरॅक्नॉइड टाक्यात अडकत नाहीत. बंद करण्याआधी आतली रक्ताची गुठळी धुवून काढा आणि कोमट सलाइन भरा, हवा राहू नये.

शिवल्यावर भूलवाल्यांना व्हालसाल्वा (फुप्फुसांत हवा दाबून धरणं) द्यायला सांगा, ३० सेंमी पाण्याच्या दाबापर्यंत, १०-१५ सेकंद. एक थेंब दिसला तरी अजून एक टाका. ग्लू हा टाक्याचा पर्याय नाही. नळी सावकाश वर काढत जा आणि स्नायूतला प्रत्येक रक्तबिंदू बायपोलरने थांबवत या. जोराच्या सक्शनचा ड्रेन नको. पाणी भसाभस ओढलं गेलं तर मेंदूच्या मागच्या भागात रक्तस्राव होऊ शकतो. फॅशिया मात्र अगदी घट्ट शिवा.

गुंगी
व्हालसाल्वा देण्याआधी सांगा म्हणजे झालं. मीन प्रेशर त्याच क्षणी खाली येतं आणि मग तारायंत्र ओरडतात.

तारायंत्र
ओरडत नाही, कळवतो. :)

चालते_व्हा
आणि नंतरचं? ड्युरा नीट शिवली असेल तर आमच्याकडे बहुतेक सर्जन दुसऱ्या दिवशी बसवायला सांगतात, काही जण ४८ तास सपाट ठेवतात. बसवल्यावर डोकं दुखलं आणि आडवं केल्यावर थांबलं की आम्ही लगेच वॉर्डमध्ये कळवतो. ड्रेसिंग स्वच्छ पाण्यासारखं ओलं दिसलं तरी तेच.

मज्जारज्जूच्या आतल्या गाठीनंतर ताकद चांगली असूनही पेशंट चालत नाही, कारण पाय कुठे टेकलाय ते कळत नाही. त्याला "जोर लावा" म्हणून उपयोग नाही. आरशासमोर, पायाकडे बघत, रुंद पाया ठेवून सुरुवात. घरी रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवायला सांगा. कॅथेटर काढल्यावर लघवी झाली एवढ्यावर खूश होऊ नका, नंतर उरलेली किती ते सोनोग्राफीवर मोजा.

पाठराखण
पहिल्या २४ तासांत दर तासाला पायांची ताकद तपासायची, हे वॉर्डच्या सिस्टरना लेखी द्या. छोट्या जखमेत रक्त साठलं तर त्याला बाहेर यायला वाट नसते. अचानक वाढलेलं दुखणं आणि नवा अशक्तपणा म्हणजे एमआरआयची रांग न लावता सर्जनला फोन. गळती थांबत नसेल तर कमरेतून ड्रेन, ताशी १० मिलीच्या आसपास, पाच-सात दिवस. तरीही चालूच राहिली तर परत आत जाऊन शिवा, आठवडाभर पट्ट्या बदलत बसू नका. मेनिंजायटिस वाट बघत असतो.

गावचा_दवाखाना
पेशंटनी ऑपरेशनआधी काय विचारावं, ते दोन ओळींत द्याल? चिठ्ठीवर लिहून देता येईल असं.

दुसरीबाजू
गाठ कुठल्या कप्प्यात आणि कुठल्या पातळीवर. नळीतून पूर्ण निघाली नाही तर त्याच वेळी छेद वाढवणार का, आणि संमतीपत्रात ते लिहिलंय का. न्यूरोमॉनिटरिंग आहे का, आणि महात्मा फुले योजनेत किंवा विम्यात त्याचे पैसे धरलेत की वेगळे भरायचे. पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट किती दिवसांत. पुढचा एमआरआय कधी : साधारण तीन महिन्यांनी एक, मग वर्षाने, कॉन्ट्रास्टसकट आणि शक्यतो त्याच मशीनवर.